सदाच्या ताटावर नजर

६ जाने. ७५, सोमवार

डॉक्टर, तुमी विसरणार. शनिवारी सांगलीत तासाभरात तुमी पोराचं नाव तीनदा विचारलंत, आन् चष्मा कपाळावर चढवून टेबलावर हुडकत बसलात. मीच दावला. तवा पैल्या पानावर ठसठशीत लिहून घेते. पोराचं नाव सदा. माझ्या लेकाचा लेक. वय चोवीस. मुंबईत गिरणीच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो, टीमचा कॅप्टन हाय. गिरणीत मशिनीला हात लावायचा न्हाई, नुसतं खेळायचं, त्याचाच पगार. बाप फौजेत, पोर छावणीत वाढलं, तिथंच ही तंगड्यांची विद्या शिकलं. आमच्याकडं कराडपत्तोर कुस्ती सोडून कुणाला काय कळत न्हाई. डोक्यानं बी बॉल मारत्यात म्हणं. देवानं डोकं टोपी घालायला दिलंय, ह्यांनी त्याचं धोपाटणं केलं.

लिहिते ती कुसुम, माझी सून, सदाची आई, सातवी पास. मला अक्षर येत न्हाई. मी बोलते, ती लिहिते. मधीच थांबली तर समजा डोळं पुसती.

डिसेंबराच्या शेवटाला खेळ सोडून घरी आला, तवापासनं झोपंना, बोलंना, जेवंना. तुमी म्हणालात रोज लिहा, झोप, बोलणं, जेवण, आन् पंधरा दिसांनी वही दावा. झोप आन् बोलणं कुसुमच्या अक्षरात. भाकरी मात्र मला स्वतःला वाचता यायला पायजे. म्हणून आख्ख्या भाकरीला आख्खा चांद, अर्धीला अर्धा.

झोप: पहाटं थोडी. बोलणं: "व्हय", "न्हाई", "ठेव तिथं". भाकरी: ◐

८ जाने., बुध.

कारखान्याचा भोंगा झाला की सदा ताडकन उभा ऱ्हातो. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला, असं. मग कुठं पळायचं ते कळत न्हाई, भिंतीला पाठ लावतो. दिसातनं तीनदा. उसाचा हंगाम हाय, कारखाना काय आमच्यासाठी गप बसणार न्हाई.

कपाळावर व्रण हाय, बाटली लागल्याचा. कुणी मारली विचारलं तर म्हणतो, पब्लिकनं. त्या पब्लिकच्या आयेला गाठायला पायजे.

घरातलं काय काय उचलून शेजारी तात्याकडं नेऊन ठेवलं. नावं घेत न्हाई. विहिरीच्या वाटंवर कुसुमनं बाभळीच्या फांद्या वडून टाकल्या. कुसुम विचारते, "आत्याबाई, हे लिहू का?" लिही. डॉक्टरला आमचं भ्या कळू दे. नुसत्या गोळ्या लिहून काय भ्या कळतं?

मी सावलीवाणी मागं हाय. परसाकडंला निघाला तरी दहा पावलं मागं. आज वळून म्हणाला, "आजी, तिथं तरी येऊ नकोस." हसला न्हाई, पर हसण्याच्या जवळ जाऊन आला.

मेल्या म्हणायची सवय हाय मला. आज जिभंवर आलं आन् दात मिटून घेतलं. चोवीस वर्सं लाडानं म्हणत आले.

भाकरी: ◐

११ जाने., शनि.

टीममधल्या एका पोराचं पत्र आलं. सदानं फोडलं न्हाई, आईच्या हातात दिलं आन् बाहेर गेला. कुसुमनं चुलीपाशी वाचून दावलं. आज कळलं काय झालं ते. सदानं आमाला एक अक्षर सांगितलं न्हवतं.

विलास म्हणून टीमचा गोलकीपर. सांगलीकडचाच पोर, कृष्णेपल्याडच्या गावचा. सदा आन् तो चार वर्सं एका खोलीत, एका स्टोव्हवर. डिसेंबरात मोठी म्याच झाली. बॉल विलासच्या हातातनं निसटला, हरले. पब्लिकनं दगडं-बाटल्या मारल्या. ते बाहेरचं. मग आत कपडं बदलायच्या खोलीत आपल्याच पोरांनी विलासला मारलं. मुद्दाम सोडलास म्हणून. सदानंबी एक मुस्काटात दिली. म्हणाला, "परत मला तोंड दावू नकोस."

दुसऱ्या दिवशी विलासनं

कुसुम थांबली. मी म्हणलं, लिही, कागदाला काय होतंय. जीव दिला. लिही. झालं.

पत्रात पुढं हाय की चूक एकट्या सदाची न्हाई, आमी सगळ्यांनी मारलं. गिरणीनं आठ दिसांत दुसरा गोलकीपर घेतला. आन् शेवटाला बारीक अक्षरात, मलापण झोप येत न्हाई, कुणाला सांगू नको, टीममधनं काढतील.

एवढाले ढोरावाणी धिप्पाड गडी. झोप येत न्हाई म्हणायला चोरी.

कुसुम म्हणती, म्हंजी ह्याच्या मनात पण तेच...

पुढं लिहू नको म्हणलं. भाकरी: ◐

१४ जाने., संक्रांत

चांगली बातमी. दोन दिस झालं सदा स्वतः ताट मागून घेतो आन् गोठ्यामागं उन्हात जाऊन जेवतो. ताट लखलखीत रिकामं येतं. आज बाजरीची तीळ लावलेली भाकरी, एक माझ्यासमोर खाल्ली, दोन घेऊन गेला.

मी गोठ्यामागं गेले न्हाई. परसाकडंला मागं जाणारी मी, पर खाणाऱ्याच्या ताटाकडं बघू न्हाई, नजर लागती. माझी तर लागतीच. सदाच्या आज्याला मी एकदा म्हणलं, लय जेवताय आज, तर चार दिस पोट धरून बसला होता.

तिळगूळ दिला. गोड बोल म्हणायला तोंड उघडलं तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "ते म्हणू नकोस आजी. तिळगूळ दे, म्हणू नकोस." हात गार. थंडीचा गार न्हवं.

भाकरी: ○○○

१८ जाने., शनि., सांगलीहून येऊन

वही दावली. डॉक्टरनी चांद मोजलं. पैल्यांदा अर्धं अर्धं, मग आख्खं, मग दोन-दोन. खूष झाले. म्हणाले, "सुधारणा आहे. आजी, तुम्ही उत्तम नर्स आहात." मी पदर सावरला. इतक्या वर्सांत मला कुणी उत्तम म्हणलं न्हवतं, नवऱ्यानं तर न्हाईच. सदा खुर्चीवर बसला होता, जमिनीकडं बघत. डॉक्टरनी विचारलं, भूक लागते ना? म्हणाला, "व्हय."

येताना एस.टी.त सदाला जागा देईना म्हणून मी एका गड्याला लय बोलले. आनंदात व्हते.

भाकरी: ○○

पर एक बोचतंय. त्याची विजार ढिली झालीया. नाड्याला नवी गाठ. कुसुमला दावलं. ती म्हणाली, धुऊन सैल झाली असंल.

२२ जाने., बुध.

तीन दिस वही उघडली न्हाई. आज उघडते.

दुपारी गोठ्यामागं कावळ्यांचा कालवा. साप निघाला म्हणून काठी घेऊन गेले. साप न्हवता. सदा बसलेला. समोर गोठ्याच्या पत्र्यावर भाकरीचं तुकडं, वळीनं मांडलेलं. मागं कालच्या, परवाच्या वाळून खडखडीत झालेल्या. ताट मांडीवर, रिकामं.

आमचं चांद ते. बाकीचं सगळं कावळ्यांनी खाल्लं. मी डॉक्टरला खोटी वही दावून पदर सावरून आले.

मला बघून दचकला न्हाई. म्हणाला, "हितं शिवत्यात बघ. रोज शिवत्यात. तिथं न्हाई शिवला."

मग सांगितलं. विलासच्या दहाव्याला हा गेला व्हता, नदीवर. पिंड मांडला. कावळा झाडावर बसून बघतोय, खाली येईना. आई पुढं आली, म्हणाली तुझ्या भणीचं लगीन करते, येईना. चुलता काय काय बोलला, येईना. शेवटाला भटजी म्हणाले, आणिक कुणाचं काय राहिलं असंल तर बोला. ह्याचं राहिलं व्हतं. हा माणसांच्या मागं उभा. पाय निघेना, तोंड उघडंना. मग दर्भाचा कावळा करून शिवला आन् माणसं घरी गेली. तवापासनं ह्याच्या मनानं घेतलंय, विलास अजून तिथंच अडकलाय, आन् अडकवला ह्यानं.

हे सांगून झालं आन् मग, आज वार कुठला असं विचारावं, तसं विचारलं:

"आजी, माझ्या दहाव्याला शिवंल का गं?"

मी तिथंच शेणाच्या पाटीवर बसले. पर तोंड हाय माझं, ते कुठं बसतंय. म्हणलं, "मला काय ठावं? मी कुठं असणार तवा बघायला? रांगंत माझा नंबर आधी हाय. मला वलांडून पुढं घुसायचं न्हाई."

तो म्हणाला, "बरं."

ह्या 'बरं'चं मला जितकं भ्या वाटतंय तितकं आजवर कशाचं वाटलं न्हाई. न्हाई म्हणला असता, भांडला असता तर बरं वाटलं असतं.

कुसुम म्हणती हे पान डॉक्टरला दावायचं न्हाई, लाज हाय. पैल्यांदा हेच दावायचं. उद्या पैली एस.टी.

भाकरी: काढू नको.

२३ जाने., गुरु., सांगली

एस.टी.त त्याला मधी बसवला. हिकडं मी, तिकडं कुसुम. आरोपी नेल्यावाणी. कृष्णेचा पूल आला तवा दोघींनी त्याचा एकेक हात धरला. ठरवलं न्हवतं.

डॉक्टरला म्हणलं, मी खोटी. चांद खोटं. रागवा. रागवले न्हाईत. म्हणाले, "आजी, चूक माझीही आहे. मी वहीला विचारत बसलो, त्याला विचारलंच नाही." मग त्याच्यासमोर खुर्ची वडली आन् सरळ विचारलं, "सदा, मरावं असं मनात येतं का?"

मी मनात म्हणलं, झालं, ह्या बाबानं नसलेलं डोक्यात घातलं.

सदा म्हणाला, "व्हय. रोज." आन् रडला. डिसेंबरापासनं पैल्यांदा. आवाज करून, छावणीत ल्हानपणी रडायचा तसा. डॉक्टर म्हणाले, विचारल्यानं येत नाही आजी, विचारल्यानं बाहेर येतं. मला पटलं का न्हाई ते सांगत न्हाई.

दवाखान्यातच ठेवून घेतलाय. खाटंपाशी एकीनं ऱ्हायचं. मी ऱ्हाते.

आजपासनं त्याच्या ताटाकडं डोळं फाडून बघणार. नजर लागली तर लागू दे.

भाकरी: चतकोर. त्याला चांद कसा काढायचा कुसुमला कळंना. बारीक कोर काढली.

२५ जाने., शनि., सांगली

कुसुम, अक्षर वळखलंस न्हवं? तू म्हशीसाठी सकाळी गेलीस, हितं लिहायला कोण? नर्सबाईला माझं ऐकायला सवड न्हाई. म्हणून वही सदाच्याच हातात दिली. म्हणलं, मी सांगते तसं लिही, माझ्या तोंडचं गाळायचं न्हाई.

आधी त्यानं सगळी वही वाचली. मी तोंडाकडं बघत बसले. परसाकडंच्या पानाला ववठ हालला. पत्राच्या पानावर लय वेळ थांबला. मग पेन घेऊन मागल्या पानांवर गेला आन् चांद खोडाय लागला. तेराचा खोडला, पंधराचा खोडला, अठराचे दोन खोडले. संक्रांतीचे तीन व्हते, त्यातला एक ठेवला. मी विचारलं, ह्यो का? म्हणाला, "ही खाल्ली व्हती. तुझ्यासमोर."

कुसुम, मी सांगते तेच तो लिहितोय का आणिक काही, मला कळायचं न्हाई. ही गोष्ट मला आज लय खुपती. सत्तर वर्सांत कवा खुपली न्हाई. तू वाच आन् खरं काय ते मला सांग.

आता पुढचं. सदा, लिही. हितली झाडलोट करणारी आयाबाई विलासच्या गावची निघाली. तिच्याकडनं मी विलासच्या आयेला निरोप धाडला, की सदा हितं हाय, तुमाला एक सांगायचं त्याचं राहिलंय. तिचं उत्तर आलं. सोमवारी येते. आन् म्हणाली, मलाबी त्याला एक सांगायचं हाय. काय, ते आयाबाईला बोलली न्हाई. चांगलं का वाईट, ते बी तोंडावरनं कळलं न्हाई. डॉक्टर म्हणाले येऊ द्या, मी समोर बसतो.

पेन थांबलंय. थांबू दे. मी बी थांबते.

बाहेर भोंगा न्हाई, काय न्हाई. खाटंवर बसलाय, पेन कागदावर टेकवून. कागदाला शाईचा ठिपका पडलाय, मोठा व्हतोय.

लिहाय लागला परत.

मला त्या बाईचं भ्या वाटतं, कुसुम. माझ्या जागी ती असती तर मी काय बोलले असते, हे मला नीट ठावं हाय.

सदाची आजची भाकरी: ◐. मी समोर बसून बघितली, घासाघासाला. चांद त्यानंच काढला. वाकडा काढला, पर अर्धाच काढला, जास्तीचा न्हाई.

तात्या सदाला बघायला आलाय, हे पान फाडून त्याच्याबरोबर धाडते. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं पिठलं-भाकरी धाड. विलास गेला तवा त्याच्या घरी शेजाऱ्यांनी धाडली असंल, आपल्याकडनं जायची राहिली. पिठलं दाट कर, वाटंत सांडायला नको. लसूण सढळ घाल. भाकऱ्या ज्वारीच्या, मोठ्या, फडक्यात गुंडाळून. तीनच धाड. एक तिची, एक माझी, एक सदाची. कावळ्याची करू नकोस.