माझे घर, माझी हत्यारे आणि धाकट्या डॉक्टरांचे एक वाक्य

मी, खाली सही करणारी, या रुग्णालयाच्या पुस्तक विभागाची निवृत्त संपादक, कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सकाळीच मिळाला. बाकीची मी रुग्णालयाच्या ताब्यात आहे. घरी सोडा म्हटले की इथे उशी बदलून मिळते.

कलम एक. लाल पेने, भिंग आणि पोलादी पट्टी ही माझी हत्यारे आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळारीबुवांना द्यावीत. पट्टी आपलीच आहे असे ते वर्षानुवर्षे म्हणत आले. आता घ्या म्हणावे.

हा विभाग कसा सुरू झाला हे नव्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून इथेच सांगते. बाळंतिणींना तेच तेच सांगून हे रुग्णालय काढणाऱ्या थोरल्या डॉक्टरांचा घसा बसायचा, म्हणून त्यांनी एक पत्रक छापून घेतले. पत्रकाची पुस्तिका झाली, मग मधुमेह आला, हाडे आली, हृदय आले, आणि तळघरात धोबीखान्याला लागून आम्हाला एक खोली मिळाली. आमची पुस्तके फिनेलच्या वासावरून ओळखू यायची. थोरल्या डॉक्टरांचा दंडक असा, की छापण्याआधी मजकूर त्याच आजाराच्या रुग्णाला खाटेशी बसून वाचून दाखवायचा. त्याच्या कपाळाला आठी पडली की वाक्य बाद. एका बाईंनी नुसत्या आठ्या घालून हृदयाचे अख्खे प्रकरण उडवले. मी कुरकुरले, तर डॉक्टर म्हणाले, "आजार त्यांचा आहे, मग पुस्तकही त्यांचंच."

कलम दोन. थोरल्यांचे चिरंजीव, म्हणजे धाकटे डॉक्टर, यांना काहीही देऊ नये. गादीवर बसताच त्यांनी तो दंडक मोडीत काढला. "रुग्णांना काय कळतं, बाई? उगाच वेळ जातो." नातेवाइकांसाठी आम्ही 'रुग्ण सांभाळताना' हे पुस्तक करत होतो. त्यात त्यांनी आपल्या हाताने घातले: "रुग्ण घरी जाण्याचा हट्ट धरील. नातेवाइकांनी मन घट्ट करावे व तिकडे दुर्लक्ष करावे." मी म्हटले, एका तरी रुग्णाला हे वाचून दाखवू. भांडले, राजीनाम्याची भाषा केली, पण पुस्तक त्या वाक्यासकट गेले आणि मुखपृष्ठावर नाव माझे लागले. पुस्तक हातोहात खपले. आता दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना ते दिले जाते. माझ्या धाकट्या भावालाही मिळाले.

कलम तीन. घर. दोन खोल्या, गळका नळ, स्वयंपाकघरात सकाळचे ऊन. औषधांनी आता फरक पडणार नाही, हे माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला सरळ सांगितले आहे. तर मग मला माझ्या पलंगावर मरायचे आहे. मला चालता येत नाही, त्यामुळे घेऊन जाणाऱ्या जवळच्या नातेवाइकाची सही लागते, आणि तसा मला हा एक भाऊच. तो रोज संध्याकाळी डबा घेऊन येतो.

"ताई, तूच लिहिलंयस ना, मन घट्ट करा म्हणून?"

"ते मी नाही लिहिलं रे."

"वर नाव तुझंच आहे. आणि रुग्ण असं काहीबाही बोलतो, हेही त्यातच आहे."

मी जेवढी विनवणी करते, तेवढे ते पुस्तक खरे ठरते.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. घरी न्या असं त्यात लिहून काय उपयोग?" म्हणून मी अट घातली. मी घरी मेले तर घर भावाला. इथे मेले तर आमच्या चुलतभावाला, ज्याचे नुसते नाव काढले तरी भावाचे डोके फिरते. अट त्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ डब्याचे झाकण पुसत राहिला.

"दे त्याला," तो म्हणाला. "मला घर नको, तू हवीस. इथं डॉक्टर तरी आहेत. घरी तुला काही झालं तर मी एकटा काय करू?"

त्याचे डोळे भरले होते. भाऊ चांगला असावा, पण इतका नसावा.

कलम चार. वरील अट रद्द. घर भावालाच, विनाअट. माझा त्याच्यावर राग आहे, जीवही आहे, आणि दोन्हींपुढे मी हरले आहे. नळ मात्र त्याने दुरुस्त करून घ्यावा.

कलम पाच. बँकेतली शिल्लक रात्रपाळीच्या मावशींना. त्या मला घराबद्दल विचारतात, कुठली खिडकी, कुठला पलंग, आणि मी सांगते ते सगळे ऐकून घेतात. इथे एवढे कुणी केलेले नाही.

हे सर्व मी स्वतः वाचून, समजून, खालील दोघींच्या देखत सही करत आहे.

साक्षीदार: वॉर्डच्या मोठ्या सिस्टर.
साक्षीदार: शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त शिक्षिका. यांनाही घरी जायचे आहे.

तारीख: सहा मार्च.

स्थळ: वकीलबाईंनी सवयीने माझ्या घरचा पत्ता घातला होता. तो मी माझ्या हाताने खोडला आहे. रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीकडची खाट.