दोन बोटं बाहेर

११ जाने., रविवार

आज मुलींची निवड. माझ्या हातून घोळ झाला, पण तो मुद्दामच केला असं लिहून ठेवते, उगाच साळसूदपणा नको.

लीगमध्ये सहा टीम. चिठ्ठी टाकून क्रम ठरतो, मग एकेका टीमने एकेक नाव पुकारायचं. पुकारलं की ती मुलगी आपली, बदल नाही. आमचा नंबर शेवटचा. प्रत्येक टीममध्ये दोन मुली कधी बेसबॉल न खेळलेल्या हव्याच. सावंत सर हेड कोच, मी बॅटिंग बघते. पहिल्या फेरीत सरांनी रिद्धी घेतली. खारघरची, क्रिकेटवाली, दंड असे की बघत राहावं. चाचणीत बारा बॉल मिळतात, तिने नऊ मारले, तीन जाळीपलीकडे.

चौथ्या फेरीचं नाव सर चिठ्ठीवर लिहून गेले. त्यांची गाडी कुणाच्या तरी आड येत होती. टेबलावर मी एकटी. चिठ्ठीत नेरूळची एक चपळ मुलगी. मी पुकारलं, "दर्शना घरत, उरण."

सर परत आले, फळ्यावर नाव बघितलं. "ही कोण?"

सेफ्टी शूज घालून आलेली ती, म्हटलं. बारापैकी दोनच लागले. तेही नुसते पुसून गेले.

सरांनी चिठ्ठी चुरगळून खिशात घातली. म्हणजे खूपच चिडलेत.

१२ जाने.

शाळेत मोकळ्या तासाला चाचणीच्या नोंदींची वही पुन्हा काढली. बरोबरच होतं. दर्शनाला आलेल्या बारांपैकी सात बॉल बाहेरचे. सातही सोडले. पाच आतले, पाचांवर बॅट फिरवली. म्हणजे बारा वेळा ठरवलं आणि बारा वेळा बरोबर ठरवलं. फटके जमले नाहीत, ती गोष्ट वेगळी. रिद्धीने मारलेल्या नऊपैकी सहा बाहेरचे होते. चांगली पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, भेटली की त्या सहांवर ती आउट होणार.

फटका शिकवता येतो. हे दुसरं मी कुणाला शिकवू शकलेले नाही. बावीस वर्षं शिकवतेय.

सरांना फोनवर हे सगळं सांगितलं. "गायकवाड मॅडम, टीमला बघणारी नकोय, मारणारी हवीय."

ह्यांना रात्री जेवताना तिसऱ्यांदा समजावलं: बॉल जमिनीतल्या पांढऱ्या प्लेटच्या रुंदीत, गुडघ्यापासून छातीपर्यंत आला तर आतला. बाहेरचे चार सोडले की पहिला बेस फुकट. बॅट फिरवून चुकलेले आणि नुसते बघत सोडलेले आतले, असे तीन झाले की आउट, घरी. "म्हणजे काही न करता पुढे जाता येतं? आमच्या महाप्याच्या ऑफिसात कित्येक जण हेच करतात," म्हणाले. ह्यांच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही.

१८ जाने., रवि.

पहिला सराव. दर्शनाला अकराव्या बॉलला एक फटका बसला. बॅट हातात घेऊनच पळत सुटली बेसकडे. "बॅट टाक!" सगळे ओरडले, तर ती थांबली, परत आली, बॅट नीट खाली ठेवली, मग पुन्हा पळाली. रिद्धी हसून हसून खाली बसली. क्रिकेटच्या सगळ्याच मुली हे करतात, पण परत येऊन ठेवणारी पहिलीच.

वय एकोणीस. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात गेटवर चेकर. रविवारी आणि बुधवारी सकाळी येऊ शकते, बाकी शिफ्ट.

२१ जाने., बुध.

आज माझा जुना खेळ काढला. बॉलवर मार्करने आकडे लिहायचे, मारायचं नाही, येता येता फक्त आकडा वाचायचा. मुली हसतात. दहात दोन-तीन बरोबर आले तर डोळा चांगला समजायचा. रिद्धीचे तीन आले.

दर्शना: "पाच. दोन. नऊ. सहा नाय... नऊच, उलटा हाय." दहापैकी दहा.

मला वाटलं मागून कुणी खुणा करतंय. पिशवीतले बॉल ढवळले, लांबून टाकले, जोरात टाकले. वीसपैकी एकोणीस. विसाव्याला म्हणाली, "मॅडम, त्याच्यावर लिवलाच नाय." खरंच कोरा होता.

कसं दिसतं, विचारलं. "आमचा रोजचाच हाय ओ ते."

२६ जाने., सोम.

झेंडावंदन आटोपून उरणची बस धरली. तिचं यार्ड बघायचंच होतं. सुपरवायझरने गेटच्या बाजूला खुर्ची दिली.

ट्रेलर थांबत नाहीत. नुसते हळू होतात. कंटेनरवर चार अक्षरं, सात आकडे, कधी धुळीत, कधी अर्धे खरवडलेले. ती उभी, डोळे ट्रेलरवर, बोटं हातातल्या मशीनवर. एकदाही खाली बघत नाही. ट्रेलर गेला की झालं. एक, दोन, दहा, मी मोजायचं सोडून दिलं.

सुपरवायझर म्हणाला, "हिची एंट्री परत बघावी लागत नाय. दोन वर्सं झाली."

आणि मी बावीस वर्षं मैदानात डोळे शोधत फिरतेय. ते इथे गेटवर उभे होते.

डबा एकत्र खाल्ला. तिच्याकडे सुक्या बोंबलाची चटणी, माझ्याकडे मेथीची भाजी. म्हणाली, भाऊ गावच्या टेनिस बॉल टीमचा हिरो. "आमच्याकडं बॉल सोरला तं घरचं पन बोलत नाय. भाऊ म्हनते, तू नुसती उबीच ऱ्हातेस."

मग खेळायला का आलीस?

चटणीचा डबा माझ्याकडे सरकवला. "यार्डात नंबर बरोबर लिवला तं कोन काय बोलत नाय. चुकला तं बोलतान. तिथं तुमी वहीत माझं सोरलेलं पन लिवलंव. मी बगितलं."

मी मेथीची भाजी तिच्या डब्यात वाढली.

४ फेब्रु., बुध.

आता फटका. कंबर वळत नाही, नुसते हात येतात. स्टँडवर बॉल ठेवून दोनशे फटके. हातांना फोड. शिफ्टला पट्ट्या बांधून गेली.

सर लांबून बघतात. टीम नवीन मुलीला सीझनभर ठेवते. शेवटच्या मॅचनंतर नको असेल तर सोडून दुसरी घेता येते, ते सरांच्या हातात. आज स्पष्टच म्हणाले, "मार्चपर्यंत मारायला लागली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी ही जागा मी भरणार."

बरोबरच आहे त्यांचं. तरी राग आला.

११ फेब्रु.

नवीन युक्ती. आकड्यांचेच बॉल. सम आला तर मार, विषम आला तर सोड. मी हे आधी कुणाला दिलं नव्हतं, कारण कुणाला जमणं शक्यच नाही.

पहिले दहा गडबड. मग. मग चार आला, कडाक. सात, बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. तीन, सोडला. आठ, सरळ पिचरच्या डोक्यावरून. सगळं मैदान थांबलं. रिद्धी हातातली पाण्याची बाटली तशीच धरून उभी. सर जाळीपाशी आले. आले आणि गेले, पण आले.

घरी ह्यांना सांगताना आवाज चढला. "अगं हळू, सोसायटीत पण कळेल," म्हणाले. कळू दे.

१ मार्च, रवि.

चार मॅच झाल्या. दर्शना: बाहेरचे चार सोडून नऊ वेळा पहिल्या बेसवर. फटका एकच, पण काय फटका, उजव्या बाजूने जमिनीलगत. बॅट कडेला टाकायची होतीच, पण ती हातातून सुटल्याचं तिला कळलंही नाही. पळताना पहिल्यांदाच हात रिकामे.

सर: "नऊ वेळा फुकट गेली, एकदा मारलं."

मी: "दहा वेळा बेसवर गेली. टीममध्ये सगळ्यात जास्त."

सर: "तुम्ही तिच्या प्रेमात पडलात."

हो, पडले. मग?

११ मार्च, बुध.

मुलींनी माझ्या काळचं विचारलं. मी नेहमीचं सांगितलं. वीस वर्षांची होते, जालन्याहून औरंगाबादला निवड चाचणी. शेवटची संधी, तीन बाहेरचे, दोन चुकलेले. आला तो बॉल बाहेरचा होता, पिचरने फसवलं, मी मारायला गेले आणि हवेत बॅट. यादीत नाव नाही. म्हणून पोरींनो, बाहेरचा सोडायला शिका.

सगळ्या माना हलवतात. दर्शनाने विचारलं, "किती भायेर व्हता?"

असेल चार बोटं, म्हटलं.

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

१५ मार्च, रवि.

शेवटची मॅच. हातून गेली. नीट क्रमाने लिहिते.

शेवटचा डाव, एका रनने मागे, दोन आउट, तिन्ही बेसवर आपल्या मुली. दर्शना बॅटिंगला. तीन बाहेरचे सोडले, दोनवर चुकली. आता एकच बॉल. बाहेरचा सोडला तर सगळ्या एकेक बेस पुढे, एक रन, बरोबरी. मारला तर कदाचित मॅच.

सर तिसऱ्या बेसजवळून मारण्याची खूण करत होते. दोन्ही हातांनी. गावाहून तिचा भाऊ आलेला, चार मित्र घेऊन. "मार गं! मार!" पूर्ण मैदान ओरडत होतं. मीसुद्धा. मीसुद्धा ओरडले, लिहायला लाज वाटते.

बॉल आला. खाली, बाहेरच्या कडेला. तिने बघितलं. शेवटपर्यंत, ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत बघितलं. बॅट हलली नाही.

अंपायरने हात वर केला. स्ट्राइक, म्हणजे आतला. आउट.

ती वाद घालायला गेली नाही. हेल्मेट काढलं, बॅट नीट ठेवली. माझ्याजवळ आली. "भायेर व्हता मॅडम. दोन बोटं."

भाऊ न बोलता निघून गेला. ती त्याच्याकडे बघत होती. तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

आमचे हे जाळीमागून मोबाइलवर शूट करत होते, आयुष्यात पहिल्यांदाच कामाचं काहीतरी केलं. व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. बॉल आणि प्लेटच्या मध्ये माती दिसते. दोनच बोटं.

सरांनी चार वेळा बघितला. मोबाइल परत दिला. "ठेवायच्या मुलींची यादी मंगळवारी देतो," एवढंच.

इतक्या आरडाओरड्यात, भाऊ, सर, मी, सगळे एका बाजूला. आणि ती एकटी बरोबर. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी असते तर मारला असता.

१६ मार्च, सोम.

शाळा सुटल्यावर सामान आवरायला मैदानावर गेले. दर्शना आली, शिफ्ट बदलून. टीमचा टी-शर्ट धुऊन, घडी करून आणलेला. परत द्यायला. अजून यादी लागली नाही, ठेव तुझ्याकडे, म्हटलं. पिशवीत घातला नाही, हातातच धरून बसली.

बॉलची पिशवी तिच्याकडे सरकवली. बॅट घेतली आणि जाऊन उभी राहिले. तीस वर्षांनी. "टाक. मला पण बघू दे काय दिसतं ते."

तिने टाकला. पांढरं काहीतरी. "पाच," मी म्हटलं.

"दोन व्हता."

पुन्हा. पुन्हा. दहा-बारा झाले, एकही बरोबर नाही. गुडघे दुखायला लागले. मी हसत होते, ती हसत नव्हती. बॉल हातात धरून थांबली, सांगावं की नको असं.

"मॅडम, राग नका मानू. बॉल आला का तुमी डोले मिटताव."

कधीपासून, असं विचारणार होते. तिला काय माहीत.

मला माहीत आहे. औरंगाबादला पिचरचा हात वर गेलेला आठवतो आणि हवेत फिरलेली बॅट आठवते. मधलं काहीच आठवत नाही. चार बोटं मी नंतर घातली. तो आत होता की बाहेर, मी बघितलेलंच नाही.

गेटमधून सर येताना दिसले. मंगळवारची वाट न बघता आले होते. हातात कागद होता की नुसता रुमाल, एवढ्या लांबून मला काय दिसणार. दर्शनाला दिसलं असावं, ती उभी राहिली.

"इकडे बघ," म्हटलं. "आधी अजून एक टाक."