सत्तेचाळीस-शेहेचाळीस

४ ऑक्टोबर १९८१, रविवार. तुमसर.

ही वही फक्त बास्केटबॉलसाठी. घरची रडगाणी यात लिहायची नाहीत. आमच्या तुमसर क्लबचे या सीझनचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन करायचे, कोणाची भीड न ठेवता. हा खेळ खरा समजणारे गावात दोघेच. त्यातले दुसरे मागच्या वर्षी वारले.

जिल्हा लीगची आमची पहिली होम मॅच पुढच्या रविवारी, गोंदियाशी. ग्राउंड म्हणजे भैय्यालाल शेठच्या राईस मिलमधली धान वाळवायची सिमेंटची फरशी. दोन टोकांना दोन खांब, वर रिंगा. शेठने स्पष्ट सांगितले आहे, "हारले तं खांब उपटतो अन् धान पसरवतो." मी हसलो. शेठ हसले नाहीत.

स्कोअरर म्हणून माझी नेमणूक. मी क्लार्क आहे त्या मार्केट यार्डात माझ्यासारखे अक्षर कोणाचे नाही हे सेक्रेटरीसुद्धा मानतात. स्कोअरर निःपक्षपाती असतो, म्हणून यंदा ओरडणे, टाळ्या वाजवणे बंद. कडक.

९ ऑक्टोबर, शुक्रवार.

प्रॅक्टिस पाहिली. जागेश्वरला टीमबाहेर बसवावे असे माझे ठाम मत आहे. मिलमध्ये हमाली करतो, सहा फूट दोन इंच आहे, बस. बॉल असा धरतो जसे पोते. स्टाईल नाही. कॅप्टनला तसे सांगितले. "पाहू बाबूजी" म्हणाला. पाहणार नाही.

घरी बायकोने, रुखमिणीने विचारले, तुमी कधी खेळले होते का? मी म्हणालो, समीक्षकाला खेळावे लागत नाही. ती म्हणाली, मंग बरं आहे, पाय दुखत नाई.

११ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ७.१५

जिंकलो! ४७-४६!

शेठने खेळाडूंबरोबर मलाही हार घातला. (स्कोअररला हार घालतात का हे नियमांच्या पुस्तकात पाहायचे.)

शेवटचे दोन सेकंद. फळ्यावर आम्ही ४७, ते ४५. गोंदियाच्या सुखरामला दोन फ्री थ्रो. दोन्ही पडले असते तर बरोबरी. पहिला पडला. दुसरा रिंगेवर फिरला, फिरला आणि बाहेर. जागेश्वरने बॉल धरला, शिट्टी. अख्खी मिल आत धावली. सुखराम तिथेच खाली बसला. चोवीस-पंचवीसचा असेल. त्याचे लोक त्याला न घेताच स्टेशनकडे निघाले, मग तो एकटा मागून गेला.

टाळ्या वाजवायच्या नाहीत हा नियम एकदाच मोडला. सेकंड हाफमध्ये जागेश्वरने दोघांच्या डोक्यावरून बॉल टाकला तेव्हा उभा राहिलो. खुर्ची पडली. एकदा क्षम्य.

१२ ऑक्टोबर, सोमवार.

नागपूरच्या पेपरला माझे मूल्यमापन पाठवले. तीन पाने. आमचा डिफेन्स, आमचे टीमवर्क, आणि विरुद्ध बाजूच्या चुका. एक वाक्य फार छान उतरले: "मोक्याच्या क्षणी फ्री थ्रो वाया घालवून सुखरामने सामना तुमसरच्या पदरात टाकला, खेळाडूला हात असून चालत नाही, टेम्परामेंट लागते."

रुखमिणीला वाचून दाखवले. तिने विचारले, त्या पोराले ओळखता का तुमी? विषयांतर.

१३ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी, ऑफिसात.

मिलच्या गेटवर लावायला स्कोअरशीटची सुंदर नक्कल करत होतो. खेळाडूंच्या नावापुढच्या रेघांवरून (बास्केटची एक रेघ म्हणजे दोन गुण) बेरीज केली. पंचेचाळीस. दुसऱ्या रकान्यात चालता स्कोअर, तिथे सत्तेचाळीस.

चार वेळा बेरीज केली. यार्डाच्या मशीनवरही केली.

पंचेचाळीस.

संध्याकाळी ६.

ती खुर्ची. जागेश्वरने बॉल टाकला तेव्हा मी छत्तीस लिहिले. मग उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या, खुर्ची पडली, ती उचलली, बसलो. लिहिले की नाही ते आठवेना. म्हणून त्याच बास्केटचे पुन्हा दोन वाढवून अडतीस लिहिले. फळ्यावर खडूने लिहिणाऱ्या चौकीदाराला ओरडून सांगितले, अडतीस! त्या गोंगाटात कोणी काही बोलले नाही. गोंदियावाल्यांनी आपला स्कोअरर आणलाच नव्हता. त्यांचा कॅप्टन माझ्याकडे पाहून म्हणाला होता, "बाबूजी आहेत ना, मंग काय चिंता."

म्हणजे आम्ही पंचेचाळीस, ते शेहेचाळीस. आणि सुखरामचा तो पहिला फ्री थ्रो, तो जिंकून देणारा होता.

जेवण गेले नाही.

१४ ऑक्टोबर, बुधवार.

नियमांचे पुस्तक काढले. पंचाने सही केली की निकाल कायम. सही झालेली आहे. म्हणजे कायद्याने ही चूकच नाही. मूळ कागद महिनाअखेर जिल्ह्याच्या ऑफिसला जायचा आहे, तोवर माझ्याकडे. बोलायचे तर मी आज बोलू शकतो. पण खांब जातील. दहा-बारा जणांचा खेळ माझ्या एका टाळीसाठी मोडायचा? मी गप्प राहतो आहे ते माझ्यासाठी नाही.

गेटवर नक्कल लावायची होती. बेरीज जुळत नसलेला कागद लावता येत नाही, यार्डाच्या क्लार्कला तर नाहीच. म्हणून जागेश्वरच्या नावापुढे एक रेघ वाढवली. नऊचे दहा. मूळ कागदावरही.

अक्षर सरळ आले.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार.

पेपरात आले. तीन पानांतल्या चार ओळी. डिफेन्स कापला, टीमवर्क कापले, माझे नाव कापले. सुखरामचे वाक्य मात्र पूर्ण छापले.

१७ ऑक्टोबर, शनिवार.

मिलच्या गेटवर जागेश्वर उभा. खांद्यावर हमालीचा गमछा. बोटाने आपल्या नावापुढच्या रेघा मोजत होता.

म्हणाला, "बाबूजी, मी नऊच टाकले होते. दहावा कुठून आला?"

मी म्हणालो, खेळाच्या जोशात खेळाडूला भान राहत नाही.

तो म्हणाला, "मी रोज पोते मोजतो. शंभर पोत्याईत चुकत नाई." मग, "तुमाले मी आवडत नाई, मले मालूम आहे. तरी तुमी माया नावावर एक वाढवला. मी समजलो, मायासाठी केलं." आणि हसला. हात जोडले त्याने.

मी "अरे, असू दे" म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो. लिहून ठेवतो.

२० ऑक्टोबर, मंगळवार.

गोंदियाचा एक व्यापारी यार्डात आला होता. ती मॅच निघाली. तो हसत सांगू लागला, सुखरामचे सायकलचे दुकान आहे चौकात. येणारे-जाणारे त्याला एक बोट दाखवतात. दोनपैकी एक. पेपरचे कात्रण कोणीतरी त्याच्या दुकानाच्या दारावर चिकटवले. टेम्परामेंट हे त्याचे नावच पडले आहे. "ए टेम्परामेंट, हवा भर." त्याने खेळणे सोडले, बूट कोणाला तरी देऊन टाकले.

व्यापारी म्हणाला, "कोन लिहिते हो असं?"

मी म्हणालो, नागपूरचे लोक.

२५ ऑक्टोबर, रविवार.

आज निर्णय. दिवाळीच्या आत मन साफ करायचे. तुमसर रोड स्टेशनवरून पॅसेंजरने गोंदियाला गेलो. गाडीत पूर्ण भाषण तयार केले. सुरुवात, मध्य, माफी. चांगले झाले होते.

दुकान सापडले. दारावर कात्रण नव्हते, पण खळीचे डाग होते. सुखराम चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसला होता. मला ओळखून उठला, स्वतःचे स्टूल पुसून दिले. "बसा काकाजी. तुमसरचे ना तुमी? टेबलावर होते." चहा मागवला.

मी म्हणालो, तुझ्याशी त्या फ्री थ्रोबद्दल बोलायचे आहे.

त्याने मान खाली घातली. "बोला."

आणि मी त्याला कोपर कसे ठेवायचे ते सांगितले.

पंधरा मिनिटे सांगितले. कोपर आत, गुडघा सैल, नजर रिंगेच्या मागच्या कडेवर. मला थांबता येईना. तो सगळे ऐकून घेत होता, हाताने करूनही पाहिले. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे काकाजी. माही चूकच होती. पन आता नाई खेळनार." चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

परत येताना विचार केला: त्याला तांत्रिक मदत तर झाली.

नाही. हे खोडायला पाहिजे. खोडत नाही, राहू दे.

२ नोव्हेंबर, सोमवार.

दिवाळी आटोपली. सकाळी मिलवर गेलो तर खांब निघालेले, भिंतीला टेकवून ठेवलेले. फरशीभर उकडलेले धान, बाया पायाने ओळी पाडत होत्या.

शेठना विचारले, आपण तर जिंकलो होतो. शेठ म्हणाले, "जितो की हारो, हंगाम आला. धान कुठं वाळवू, तुमच्या वहीत?" पुढच्या मॅचेस आता बाहेरगावीच, मार्चपर्यंत.

म्हणजे ज्या खांबांसाठी मी गप्प होतो ते खांब तसेही जाणार होते. हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असणार. मला नव्हते. किंवा विचारले नव्हते.

मूळ कागद अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये. महिनाअखेर होऊन गेली. पोस्टाला सुट्टी होती, असे कारण तयार आहे.

३ नोव्हेंबर, मंगळवार.

रुखमिणीला सांगितले. सगळे. ती तांदूळ निवडत होती. निवडणे थांबवले नाही. एवढेच म्हणाली, "त्याच्या पैशाचा चहा पिऊन आले?"

५ नोव्हेंबर, गुरुवार.

जागेश्वरला बोलावून सांगितले. दहावी रेघ माझी चूक झाकायला होती, तुझ्यासाठी नव्हती. आपण हरलो होतो.

त्याला वाईट वाटले ते हरल्याचे नाही, हे मला दिसले. गमछा पिळत राहिला.

मग विचारले, "अन् त्या गोंदियाच्या पोराले मालूम आहे?"

नाही.

"त्यानं खेळनं सोडलं म्हनते."

हो.

"मंग तुमी जाता का मी जाऊ? रविवारी मले सुट्टी आहे."

मी त्याला सांगितले की रविवारी जाण्याचा निर्णय मी आधीच घेतलेला आहे. तो म्हणाला, "बरं." त्याचा विश्वास बसला नाही. मी पण तो तेव्हाच घेतला होता.

६ नोव्हेंबर, शुक्रवार.

जिल्ह्याच्या ऑफिसला मूळ कागद रजिस्टर पोस्टाने पाठवला. वाढवलेल्या रेघेभोवती लाल गोल, खाली लिहिले: ही रेघ मी मागाहून ओढली. स्कोअररचा राजीनामा सोबत. नागपूरच्या पेपरलाही पत्र टाकले. ते छापतील असे वाटत नाही. हरलेल्याची चूक चार ओळींत बसते, माझी बसणार नाही.

८ नोव्हेंबर, रविवार.

पुन्हा गोंदिया. भाषण तयार केले नाही.

दुकानात गेलो, उभ्यानेच सांगितले. तुमचे शेहेचाळीस, आमचे पंचेचाळीस होते. मी एक बास्केट दोनदा लिहिला. तू टाकलास तो एक, त्याने तुम्ही जिंकला होता. पेपरात मीच लिहिले होते. मागच्या वेळी हेच सांगायला आलो होतो.

सुखराम पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात धरलेली. बुडबुडे येत राहिले, तो पाहत राहिला. मला वाटले रागावेल, किंवा आनंद होईल. दोन्हीची तयारी होती.

त्याने विचारले, "त्या दिवशी तुमाले मालूम होतं? कोपर शिकवलं त्या दिवशी?"

मी म्हणालो, हो.

त्याने ट्यूब खाली ठेवली. हात पुसले. मग म्हणाला, "मले सांगून काय फायदा? मी तं मानलंच होतं. त्याईले सांगा."

समोर चहाच्या टपरीवर सात-आठ जण बसले होते. तो मला तिथे घेऊन गेला. माझा हात धरला नाही, पुढे चालत राहिला, मी मागे. तिथे उभा राहून म्हणाला, "हे तुमसरचे बाबूजी. तुमाले काही सांगतात."

मी सांगितले. फार हळू बोललो म्हणून दुसऱ्यांदा सांगावे लागले. मागच्यांना ऐकू आले नाही, तिसऱ्यांदा. पंचेचाळीस. शेहेचाळीस. एक वेळ लिहायचे ते दोन वेळा लिहिले. सुखरामने मॅच जिंकली होती.

कोणी ओरडले नाही. मारायला उठले नाही. एक म्हातारे गृहस्थ होते, बशीतला चहा संपवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि अगदी मनापासून विचारले,

"तुमी करता काय, बाबूजी?"

मार्केट यार्डात क्लार्क आहे, म्हणालो.

"मंग तुमाले मोजता येत नाई का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. सुखरामही.

मी म्हणालो, येते. मान्य करता येत नव्हते.

ते म्हणाले, "हो का," आणि दुसऱ्यांशी धानाच्या भावाचे बोलू लागले. सुखराम दुकानात परत गेला. मी जरा वेळ तिथेच उभा होतो. मग गाडीची वेळ झाली.