कालव्यातून वर ओढणारे हात

पुणे

ती. आईस दीपमालाचा प्रेमाचा नमस्कार,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस.

परवा ऑफिसातून येताना स्कूटी घसरली आणि मी कालव्यात पडले. मला पोहता येत नाही, हे तुला माहीतच आहे. शेजारी पंक्चर काढणाऱ्या करीमचाचांनी हवा भरलेली ट्यूब दोरीला बांधून फेकली. "पोरी, सोडू नकोस!" ते ओरडले. भाजीवाल्या दुर्गाबाई, रिक्षावाले, येणारेजाणारे, सगळ्यांनी मिळून दोरी ओढली. मी काठावर आले आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला! दुर्गाबाई मला पदराने पुसत म्हणाल्या, "आता आधी पोहायला शीक, मग स्कूटी चालव."

गुडघा थोडा खरचटलाय, इतकंच. बाबांचा खोकला थांबला का? आणि मला परत बोलावू नकोस. इथेही माझी माणसं आहेत, आई.

तुझीच,
दीपमाला