तेविसाव्या खांबाचे कलम

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पूल-अभियंता, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी आजच दिला आहे. रेल्वेच्या नव्या मार्गावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीत मी सहा वर्षे होतो, तेव्हाही ते शाबूतच होते. त्यामुळे ती सबब मला नाही.

१. राहते घर, सामानासुमानासह, मुलाला. "गाड्या धावताहेत ना, मग तुम्हाला काय करायचंय?" असे तो मला विचारतो. त्याने निदान गच्चीची गळती वेळेवर बघावी.

२. समितीकडून मिळालेली अकरा स्मृतिचिन्हे आमच्या अध्यक्षांना परत. त्यांना आम्ही होयबा म्हणत असू. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची हिंमत कोणात होती? समितीची खोली, ज्याचे काम तपासायचे त्या रेल्वे महामंडळाच्याच इमारतीत, गाडी महामंडळाची, चहा महामंडळाचा. अहवालसुद्धा तिकडूनच टाइप होऊन यायचा, आम्ही फक्त तारीख घालायची. स्वतंत्र काय ती दारावरची पाटी.

३. माझी तपासणीची हातोडी समितीला. ती काचेच्या कपाटात ठेवू नये, काँक्रीटवर मारावी. पाहणीला आमची गाडी दर वेळी पुलाच्या नवव्या खांबापाशीच थांबे. तिथे खास आमच्यासाठी कायमचा लाकडी जिना बांधला होता, कठडा रंगवलेला. "पुढे रस्ता खराब आहे, साहेब," असे कंत्राटदाराचा माणूस सांगे आणि होयबा लगेच घड्याळ बघत.

४. एकदा मी चालत पुढे गेलो. तेविसाव्या खांबावर हातोडी मारली, आवाज पोकळ आला. आणखी चार ठिकाणी मारली, चारही ठिकाणी तेच. वहीत नोंद केली. आठवड्याने "सर्व खांब समाधानकारक" या अहवालावर मुकाट सही केली, कारण मला समितीवरची मुदत वाढवून हवी होती. ती मिळाली. इतरांना नावे ठेवण्यात मी आयुष्यभर पटाईत राहिलो. पण ती सही माझी आहे आणि मला तिची लाज वाटते. त्या खांबावरून रोज माणसांनी भरलेल्या गाड्या जातात. म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची प्रत आणि वही आजच समितीकडे जाईल.

५. मुलीला काही नाही. ती गेल्या महिन्यात त्याच समितीवर रुजू झाली. वही तिने शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाली, "बाबा, घराच्या वाट्यासाठी बापाला सांभाळून घेतलं, असं कोणी म्हणायला नको. मला वाटा नको. मी साक्षीदार म्हणून सही करते." ज्याला वाटा मिळतो त्याच्या साक्षीवर लोक बोट ठेवतात, हे तिला ठाऊक आहे. मी समजावून पाहिले. तिने पेन मागितले.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : १७ फेब्रुवारी, सकाळी

लिहून देणार : (सही)

साक्षीदार १, डॉक्टर : (सही) लिहून देणारे पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २, मुलगी : (सही) वडिलांनी माझ्यासमोर सही केली. तपासणी होईपर्यंत त्या पुलावरच्या गाड्या बंद ठेवाव्यात, असे पत्र मी आजच समितीला देत आहे. त्यात जबाबदार व्यक्तींमध्ये पहिले नाव वडिलांचे लिहिले आहे.