मुळीचा अर्क

निकेशदादा,

भात टोपलीखाली झाकला आहे. बाबांची एक चप्पल अंगणात पडली आहे. शेळी सोडायची राहिली. खाटेखालची रिकामी बाटली मी सोबत नेली आहे, शोधू नको.

बाबांना सकाळी आकडीचा झटका आला. मी त्यांना जीपने ब्रह्मपुरीला दवाखान्यात नेत आहे.

दारू सोडल्यावर हात कापतात म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. तू वैदूकडून मुळीचा अर्क आणलास आणि गोळ्या फेकून दिल्यास. "पाह्य, चार दिवसांत हात थांबला, डॉक्टरले काय समजते," असं गावभर सांगत फिरलास. परवा बाटली संपली, तेव्हा तू सासुरवाडीला जेवत होतास.

काल मी वैदूला विचारलं, मुळी कशात भिजवता? तो म्हणाला, "मोहाच्या पह्यल्या धारेत, बाई. पाण्यात तिचा गुण उतरत नाई. तुह्या भावाले सांगतलं होतं ना."

म्हणजे बाबांची दारू सुटलीच नव्हती. तू ती चमच्याने चालू ठेवलीस आणि एका दिवसात तोडलीस.

दवाखान्यात ये. पण डॉक्टरांसमोर शहाणपण सांगू नको. नाहीतर हे मी सगळ्यांसमोर सांगेन.

दिव्यानी

ता.क. पहिल्या दिवशी पहिला चमचा मी स्वतः चाखून बाबांना पाजला होता, आणि मोहाचा वास मला तेव्हाच आला होता.