आईच्या फोटोखालची पाटी

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार

आज सकाळी पूजेआधी आईची पितळेची वाटी चिंचेने घासली. दिवाळीच्या गडबडीत काळी पडली होती. तीर्थ घेतले, हिला दिले, तुळशीला पाणी घातले आणि घरातून निघालो तो दारूच्या म्युझियममध्ये पोचलो. असे वाक्य कधी लिहीन असे वाटले नव्हते.

सेठची हौस. स्टाफचे दिवाळीचे जेवण यंदा हॉटेलात नाही. पनवेलच्या पुढे जुन्या पुणे रस्त्याला एका फार्महाऊसमध्ये भारतातल्या दारूचे संग्रहालय निघाले आहे, मागे जेवणाची सोय, तिथे. मी माळकरी, हे आमच्या कळंबोलीच्या वजनकाट्यावर सगळ्यांना ठाऊक. सेठ म्हणाला, "म्हात्रेभाऊ, बघून चढत नाही." सगळे हसले. मीही हसलो. नेहमीचेच.

आत मोहाची भट्टी, ताडावर चढलेला प्लॅस्टिकचा माणूस, गोव्याची काजूची भांडी. दारूबंदीच्या काळातले परवाने, या इसमास प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे. इसम फोटोत चांगला धडधाकट. सोमरसाची पाटी सोनेरी अक्षरांत. शेवटची खोली कोकण किनाऱ्याची, तिथे साध्या काळ्या पाट्या.

आणि भिंतीवर आई.

मांडवात उभी. कपाळभर मळवट, तोंड उघडे, हातात वाटी. सकाळी घासली तीच. काठाला पोचा आहे तो फोटोतही दिसतो. खाली पाटी: "मद्यपान करणारी आगरी स्त्री, पनवेल परिसर." नाव नाही.

मागून आमचा शिंदे म्हणाला, "बाई फुल टाइट आहे."

त्याला काय ठाऊक! जेवलो नाही. पोट बिघडले सांगितले.

१८ नोव्हेंबर, रविवार

तीर्थाला स्टीलची वाटी घेतली. ही म्हणाली, "पितळेची कुठाय?" म्हटले, घासायची आहे. "कालच घासलीत ना?"  वाटी कपाटावर ठेवली आहे, जुन्या पंचांगांमागे. का ठेवली ते मलाही नीट सांगता येणार नाही. हिचे माहेर भटाभिक्षुकांचे नसले तरी सोवळ्याचे. आमच्याकडच्या लग्नात काय काय असते ते हिला कधी फोड करून सांगितले नाही.

संध्याकाळी गावी दादाला फोन केला. तिथेच घोटाळा झाला. थोरला भाऊ, त्याला कळायला हवे म्हणून केला.

"आपल्या आयला दारुडी लिवलंय? नि तू बगून परत आलास? येत्या रविवारी टेंपो भरून मानसं आनतो. एक काच ठेवत नाय."

मागे ग्लास आपटल्याचा आवाज, कुणाचे तरी "अजून वाढ". म्हणजे आईला दारुडी म्हटले म्हणून दादा दारू पिता पिता भडकला होता. यावर माणसाने काय बोलावे? जय हरी म्हणून फोन ठेवला.

२० नोव्हेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून संग्रहालयात. दारावरच्याने आधी तिकीट मागितले. म्हटले, तक्रार करायला आलोय. म्हणे तक्रार आत, तिकीट इथे. काढले.

व्यवस्थापक एक बाई, तिशीची असेल. चहा मागवला. "सर, आम्ही कुणाला जज नाही करत. इट्स अ सेलिब्रेशन." फोटो कुठून आणला? पनवेलमधला एक जुना स्टुडिओ बंद झाला, त्याचे गठ्ठे घेतले. पाकिटावर फक्त 'आगरी लग्न' एवढेच लिहिलेले होते. बाकीचे यांनी वाटी बघून ठरवले.

मी म्हटले, "ती दारू पीत नव्हती. लग्न लावत होती. धवलारीण होती ती."

"म्हणजे?"

सांगितले. आमच्यात भटजी नंतर. आधी धवलारीण उभी राहते, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते, देवांना आणि पितरांना नावाने मांडवात बोलावते. त्याशिवाय लग्न लागले असे जुनी माणसे मानत नाहीत.

"बाई पुरोहित? वाव. आणि मग वाटीत काय आहे, सर?"

मी चहाचा कप उचलला.

ती म्हणाली, "तुम्ही घरचे आहात. नको असेल तर फोटो आज उतरवते. ठेवायचा असेल तर तुम्ही मजकूर द्या, तो लावते. पण खरा द्या. नाहीतर आम्ही केलं तेच परत होईल."

रागवायला म्हणून गेलो होतो. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. उतरवा म्हणणार होतो. तोंडातून आले, "कळवतो."

२२ नोव्हेंबर, गुरुवार

कामावरून परस्पर गव्हाणला मावशीकडे. आईची धाकटी बहीण. आईमागे धवले हीच म्हणते, पण आता बोलावणे क्वचित. डीजेवाला आधी ठरतो. ओट्यावर सुकट निवडत होती. शेजारी मांजर.

सगळे सांगितले. मग विचारले, "मावशी, वाटीत काय असायचं गं?"

"मंग काय ताक?"

"पण आई पीत नव्हती."

"कोन बोलला?"

 ती सुकटीतला कचरा मांजराकडे टाकत म्हणाली, "पयली धार गावदेवीला. दुसरी पितरांना. मंग येक घोट धवलारनीला. तवा गला उघरतो. त्यो घोट झाला का वाटी पालथी. दुसरा घोट नाय, कोनी पाय धरलं तरी नाय. तुजा दादा पितो ती दारू. तुजी आय घ्यायची त्यो मान."

"अगं, आई गेल्यापासून त्याच वाटीतून तीर्थ देतोय मी."

मावशी इतकी हसली की मांजर उठून गेले. "मंग? वाटी तवा बी देवाची, आता बी देवाची. तिला कसली चढते? तुलाच चढलीय, बाल्या."

पन्नाशीला आलेल्या माणसाला बाल्या म्हणणारे एकच माणूस उरले आहे, आणि ते असे.

म्हटले, फोटो उतरवायला सांगतो. कटकट नको. तिचे हसू थांबले.

"उतरव. तुज्या घरी हाय का तिचा मांडवातला फोटो?"

नाही. रेशनकार्डासाठी काढलेला आहे, मोठा केलेला. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते.

"मंग उतरवल्यावर कोनाला कलंल, ती गात व्हती म्हनून?"

रिक्षा मिळेना. उलव्याच्या रस्त्यापर्यंत चालत आलो. तोंडात नाम, पण मन त्यात नाही.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटीचा मजकूर. दुपारी ट्रकची रांग नव्हती तेव्हा बसलो. 'प्रसाद' लिहिले, खोडले. 'तीर्थ' लिहिले, ते तर खोटेच. 'मद्यपान' खरे असून खोटे. शाळेत आम्हाला गाईवर निबंध शिकवला, हे कुणी शिकवले नाही. घोट वगळून लिहिले तर सोपे होते. वगळून पाहिले. वाचल्यावर आई रेशनकार्डावरची झाली.

दादाचा फोन. टेंपो ठरला, बॅनर छापायला गेला. "येताना ढाब्यावर बसू, मानसांचं बगायला लागंल ना!" मी म्हटले, दादा, आईबद्दल मावशीशी एकदा बोल. "तिला काय कलतं? तू रविवारी पुढं उभा राहा. शिकलेला दिसतोस." गावच्या शाळेत सातवीपर्यंत, पुढे पनवेलला. तेवढ्यावर मी शिकलेला दिसतो आणि मावशीला कळत नाही.

ही म्हणाली, "तुमचं काय चाललंय? सहा दिवस स्टीलच्या वाटीत तीर्थ." उद्या सांगतो म्हटले.

२४ नोव्हेंबर, शनिवार. एकादशी

एकादशीला माणसे देवळात जातात. मी मावशीला रिक्षात घालून दारूच्या म्युझियममध्ये. माळ सदऱ्याच्या आत ढकलली, मग चीड आली आणि परत बाहेर काढली.

तिकिटावरून पुन्हा तेच. मावशी कमरेवर हात ठेवून, "माज्या भैनीला बगायला पैशे? तिला मंडपात उभी करायला लोकं गारी पाठवायची!" दारावरचा माझ्याकडे बघत राहिला. सोडले.

मावशी फोटोच्या अगदी जवळ गेली. मग फोटोलाच म्हणाली, "कवरी बारीक व्हतीस गं." आणि एकदम धवला धरला. आवाज चिरका झालाय पण सूर चढा. कॉलेजची चार पोरे फोनवर फोटो काढत होती, ती थांबली. व्यवस्थापक बाई आतून बाहेर आली. मला वाटले आता हसतील. कुणी हसले नाही.

कागद दिला. इथेही उतरवून ठेवतो:

"पार्वतीबाई म्हात्रे, धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हिचे धवले झाल्याशिवाय लग्न लागत नसे. वाटीतल्या दारूची पहिली धार गावदेवीला, दुसरी पितरांना, मग एक घोट हिला. दुसरा घोट नाही. फोटोत ती गात आहे."

बाईने वाचले. "सर, घोटाचं वाक्य नक्की ठेवू?"

"ठेवा."

पाटी बनायला आठवडा लागेल. तोवर माझ्या अक्षरातला कागदच काचेत लावला. जुनी पाटी माझ्यासमोर काढली. मावशीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले, ती म्हणाली, "पितरांचं लिवलंस, बरं केलंस."

दादाला फोन करून सगळे सांगितले, वाक्य न वाक्य वाचून. त्याने ऐकून घेतले. मग, "घोट कशाला लिवलास रं?" म्हटले, घ्यायची म्हणून. "टेंपोचा ॲडव्हान्स दिलाय आता," म्हणाला आणि ठेवला. म्हणजे येणार की नाही, आला तर काच फोडणार की कागद वाचणार, काही कळले नाही. उद्या सकाळी तिथे जाऊन उभा राहीन.

घरी आल्यावर कपाटावरून वाटी काढली. सहा दिवसांची धूळ पुसली, देवापुढे ठेवली, तीर्थ केले. हिला समोर बसवून सांगितले. वाटीत काय असायचे ते, आईचा घोट, सगळे. मग हिच्या हातावर तीर्थ घातले.

ही ओंजळीत धरून वाटीकडे बघत राहिली. घेईना, टाकीनाही.

मी माझे घेतले.